उपसागराचा पाऊस, धामचा पूर

वर्धा जिल्ह्यातले पवनार हे गाव धाम नदीच्या काठी आहे. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले की सात-आठ किलोमीटरवर नदी लागते आणि तिथेच गाव. इथून मुंबईचा किनारा सरळ रेषेत सहाशेच्या थोडा वर किलोमीटर, विशाखापट्टणमचा किनारा जवळजवळ तितकाच. समुद्र पाहायचा तर दोन्हीकडे सारखीच पायपीट. असे असूनही पवनारच्या पावसाळ्याचा इतिहास लिहायला बसले की सुरुवात बंगालच्या उपसागरापासून करावी लागते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या भागात साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला मोठा वाटा आणि धामच्या मोठ्या पुरांपैकी बहुतेक पूर हे उपसागरावर तयार होऊन वायव्येकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचे देणे असते.

गावातल्या माणसाला हे सहजासहजी पटण्यासारखे नव्हते, आणि त्याला कारणही तसेच होते. पावसाळ्यात विदर्भात वारा पश्चिमेकडून वाहतो, ढगही तिकडूनच येतात. झड लागते तेव्हा तर पश्चिमेचा आणि वायव्येचा वारा अधिकच जोर धरतो. मग पाऊस पूर्वेच्या समुद्रावरून आला असे कोण म्हणेल? पण खुलासा साधा आहे. उत्तर गोलार्धात कमी दाबाच्या केंद्राभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. उपसागरातून निघालेले केंद्र ओडिशाचा किनारा ओलांडून छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाकडे जाऊ लागले की पवनार त्याच्या नैर्ऋत्येला पडते, आणि केंद्राच्या नैर्ऋत्येला वारा वायव्येकडूनच वाहणार. म्हणजे पाऊस पाडणारी सगळी यंत्रणा पूर्वेकडून चाल करून येत असते आणि तिचे ढग मात्र अंगावर पश्चिमेकडून येत असतात. वारा आधी उत्तरेचा, मग वायव्येचा, मग पश्चिमेचा आणि शेवटी नैर्ऋत्येचा झाला तर केंद्र उत्तरेकडून पुढे निघून गेले असे समजावे. नदीकाठी उभ्या असलेल्या कोणालाही दीड-दोन दिवसांत हा फेर अंगावर अनुभवता येतो. त्याचा अर्थ लागायला मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले, आणि तो लावला तो धामच्या काठी नव्हे, कलकत्त्याच्या बंदरात.

पवनारची वस्ती या शोधापेक्षा फारच जुनी आहे. १९६७ साली नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी इथे उत्खनन केले. काठावरच्या पांढरीत एकावर एक साचलेल्या वस्त्यांचे थर निघाले. त्याआधी वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे मत मांडले होते. पुढे रामटेकजवळच्या मनसरला मोठे अवशेष सापडले तेव्हा काही संशोधकांनी हा मान तिकडे नेला, आणि वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या प्रवरसेनाची सत्ता या मुलखावर होती आणि पवनार वाकाटकांच्या महत्त्वाच्या स्थळांपैकी एक होते, याबद्दल दुमत नाही.

या प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातले महाकाव्य आहे. विषय समुद्रावर पूल बांधण्याचा. राम पावसाळा संपण्याची वाट पाहतो, शरद ऋतू येतो, वानरसेना दक्षिणेकडे निघते आणि मग काव्यात समुद्राचे विस्ताराने वर्णन येते. दोन्ही किनाऱ्यांपासून इतक्या आत असलेल्या राजाला समुद्राची एवढी ओढ असावी, याची गंमत वाटते. त्या काळातल्या कवीला आणि त्याच्या श्रोत्यांना मोसमी पावसाचा हंगाम, त्याची सुरुवात आणि त्याची माघार अचूक माहीत होती. पावसाळ्यात सैन्य हलवायचे नसते, जहाज लोटायचे नसते, हे राज्यकारभाराचे साधे शहाणपण होते. आपल्या अंगणातली झड आणि तो दूरचा समुद्र यांचा रोजचा हिशेब मात्र त्या ज्ञानात नव्हता. पाऊस ऋतूचा होता, समुद्र काव्याचा होता.

पुढची हजार-बाराशे वर्षे शेतकऱ्याचे पावसाचे गणित नक्षत्रांवर चालले, आणि ते टाकाऊ नव्हते. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त असे तेरा-चौदा दिवसांचे तुकडे पाडले की हंगामाची सरासरी चाल बऱ्यापैकी हाती येते. मृगात पेरणीची घाई, पुष्य-आश्लेषात झडीचा भर, मघा-पूर्वात डवरणीला मिळणारी उघाड, हस्तात परतीचा गडगडाट. उपसागरावर कमी दाबाची क्षेत्रे सर्वांत जास्त बनतात ती जुलै-ऑगस्टात, आणि विदर्भातली झडही तेव्हाचीच. नक्षत्रांना हंगाम कळत होता, पण या वर्षीचा पाऊस नेमका कोणत्या दिवशी येणार हे ती सांगू शकत नव्हती. ती उणीव भरून काढायला पंचांगात नक्षत्रांची वाहने आली. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या दिवशी होणारी घटमांडणीही त्याच गरजेतून आली. शेतात खड्डा करून चार महिन्यांची म्हणून चार ढेकळे ठेवायची, वर पाण्याची घागर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणते ढेकूळ किती भिजले ते पाहायचे. वऱ्हाडातले आणि आसपासचे कास्तकार आजही ही भाकिते ऐकतात. आंधळ्या श्रद्धेपेक्षा त्यात पेरणीपूर्वीची अस्वस्थता जास्त आहे. बियाणे आणि खत घेऊन बसलेल्या माणसाला काहीतरी उत्तर हवे असते.

उत्तराचा दुसरा रस्ता जहाजांच्या नोंदवह्यांमधून निघाला. कलकत्त्याला ये-जा करणाऱ्या शिडाच्या जहाजांवर दर काही तासांनी वाऱ्याची दिशा, जोर, वायुभारमापकावरचा पारा आणि समुद्राची स्थिती लिहिण्याची पद्धत होती. कलकत्त्यातल्या सागरी न्यायालयाचे अध्यक्ष हेन्री पिडिंग्टन यांनी वादळात सापडलेल्या जहाजांच्या या वह्या जमवल्या आणि एकाच वेळच्या नोंदी नकाशावर शेजारी शेजारी मांडल्या. प्रत्येक कप्तानाला वारा आपल्या परीने सरळ वाहताना दिसला होता. नकाशावर मात्र सगळ्या बाणांचे मिळून एक फिरते वर्तुळ तयार होत होते. १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात पिडिंग्टन यांनी या वादळांना ‘सायक्लोन’ हे नाव दिले. मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचे ठरले तेव्हा वादळात समुद्र आत घुसून ते बुडेल, असा इशारा त्यांनी १८५३ साली गव्हर्नर जनरलला पत्राने दिला. तो कोणी मनावर घेतला नाही. १८६७ च्या वादळात पोर्ट कॅनिंग उद्ध्वस्त झाले, पण तोपर्यंत पिडिंग्टन वारले होते.

खलाशाला वाऱ्याच्या या फेराचा उपयोग जीव वाचवण्यासाठी होता. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की कमी दाबाचे केंद्र डाव्या हाताला असते. डच शास्त्रज्ञ बाइज बॅलट यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. जहाजाचे तोंड कुठे वळवायचे, हे कप्तान त्यावरून ठरवत असे. पवनारच्या काठी वायव्येच्या वाऱ्यात पाठ करून उभे राहिले तर डावा हात ईशान्येकडे, म्हणजे छत्तीसगड-मध्य प्रदेशाकडे जातो. नियम तोच, फक्त तो समुद्रावरून जमिनीवर आणायला तारायंत्र यावे लागले.

५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळाने कलकत्त्याचे बंदर मोडले आणि हजारो माणसे बुडाली. पुढच्याच वर्षी बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्याची व्यवस्था झाली. १८६६ साली ओडिशात दुष्काळ पडला. वादळ आणि दुष्काळ असे दोन्ही बाजूंनी मार खाल्ल्यावर १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांनी उपसागरातल्या वादळांवर खलाशांसाठी १८९० साली एक हस्तपुस्तिका काढली. एव्हाना तारेने रोजची निरीक्षणे एका ठिकाणी येत होती, त्यांचे रोजचे नकाशे निघत होते. उपसागरावर उठलेला कमी दाब किनारा ओलांडल्यावर विरून जात नाही, तो मध्य प्रांतावरून पश्चिमेकडे चालत राहतो आणि आपल्या वाटेवर पाऊस पाडत जातो, हे या नकाशांवरच पहिल्यांदा ओळीने दिसले.

मध्य प्रांताच्या त्या नकाशात वर्धा जिल्हाही होता. हा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढला गेला. तेव्हा त्यात वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट अशा तीनच तहसिली होत्या. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि हिंगणघाटचा कापूस मुंबईच्या बंदराला जोडला गेला. पवनारच्या काळ्या जमिनीतली पऱ्हाटी आता गावच्या वाण्यापुरती उरली नाही, तिचा भाव लिव्हरपूलला ठरू लागला. सरकारलाही पावसाचा हिशेब हवा होता, कारण सारा त्यावर होता. तहसिलीच्या आवारात पर्जन्यमापक आले. धातूच्या नळकांड्यावर पाच इंच व्यासाचे नरसाळे, आत बाटली आणि पाणी मोजायला खुणांचा काचेचा ग्लास. सकाळी ठरलेल्या वेळी एक माणूस बाटलीतले पाणी ग्लासात ओतायचा आणि इंच व सेंट वहीत लिहायचा. एवढ्याच कामातून शंभराहून अधिक वर्षांचा पावसाचा इतिहास साठला. आजचे बहुतेक दीर्घकालीन निष्कर्ष अशा कारकुनी वह्यांवरच उभे आहेत, हे सहसा कोणी आठवत नाही.

त्याच वह्यांत १८९६ आणि १८९९ ही दोन वर्षे काळ्या अक्षरांत आहेत. १८९९ मध्ये देशभर पाऊस गेला आणि मध्य प्रांत दुष्काळात होरपळला. पावसाळ्यात कमी दाबाचा मोठा पट्टा, म्हणजे मोसमी पावसाची कण्याची रेषा, हिमालयाच्या पायथ्याला सरकला की मध्य भारतात उघाड पडते. उघाड आठ दिवसांची असली तर डवरणी उरकते, तीन आठवडे लांबली तर पीक जाते. उपसागरावर नवे कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन आत आले की हीच रेषा पुन्हा दक्षिणेला खेचली जाते आणि उघाड मोडते. पीक हातचे जाऊ लागले की कास्तकार ज्या पावसाकडे डोळे लावून बसतो, तो बहुधा हाच असतो.

एकच समुद्र पावसाळ्यात मर्यादित ताकदीची अवदाब क्षेत्रे (कमी दाबाच्या क्षेत्राची पुढची पायरी) आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात भीषण चक्रीवादळे का निर्माण करतो, हा प्रश्न शास्त्रज्ञांना बरीच वर्षे पुरला. उपसागराचे पाणी दोन्ही वेळी गरमच असते. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी या नद्या पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा आणून ओततात. हलके गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते, खालचे गार पाणी सहजासहजी वर येत नाही, आणि पृष्ठभागाचे तापमान २८ अंशांच्या वर टिकते. अरबी समुद्राचे तसे नाही. तिथे मोसमी वारे जोराने वाहू लागले की सोमालियाच्या किनाऱ्याजवळ खालचे थंड पाणी वर येते आणि पश्चिमेकडचा मोठा पट्टा गार पडतो. म्हणून मोसमी अवदाबांचा मुख्य कारखाना पूर्वेला आहे. वर्धा नदीतून, प्राणहितेतून, गोदावरीतून उपसागराला मिळणाऱ्या पाण्यात धामचाही वाटा असतो. उपसागराच्या त्या गोड्या थरात पवनारचा मागच्या झडीचा पाऊस थोडाफार मिसळलेला असतो, असे म्हणायला हरकत नाही.

पण गरम पाणी एकटे पुरत नाही. जुलै-ऑगस्टात जमिनीलगत पश्चिमेचा जोरदार वारा असतो आणि बारा ते सोळा किलोमीटर उंचीवर त्याच्या नेमका उलट, पूर्वेचा झोत असतो. वर-खाली अशी ओढाताण असली की वादळाचा उभा स्तंभ ताठ उभा राहू शकत नाही, तो उंचीबरोबर नैर्ऋत्येकडे कलतो. शिवाय उपसागराच्या उत्तर टोकाला जन्मलेल्या क्षेत्राला समुद्रावर वेळच थोडा मिळतो, एक-दोन दिवसांत ते किनाऱ्याला लागते. म्हणून पावसाळ्यात बहुधा वाऱ्याचा वेग ताशी ३१ ते ५० किलोमीटर असलेला अवदाब किंवा ५१ ते ६२ किलोमीटर असलेला खोल अवदाब, इथवरच मजल जाते. त्यापुढचे चक्रीवादळ विरळा. खुल्या उपसागरात मात्र हे दिवस खलाशांना सोपे नसतात. अवदाबाच्या आसपास समुद्र खवळलेला म्हणजे लाटा अडीच ते चार मीटर, आणि जोर वाढला की त्याहूनही वर. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असा इशारा मिळतो आणि बंदरांच्या डोलकाठीवर क्रमांकाप्रमाणे खुणा चढतात.

वादळाच्या स्तंभाच्या त्या कलण्याचा विदर्भाशी थेट संबंध आहे. १९५७ साली पी. आर. पिशारोटी आणि जी. सी. असनानी यांनी अवदाबाभोवती पाऊस नेमका कुठे पडतो, ते मोजून दाखवले. मुसळधार पाऊस केंद्रात नव्हे, केंद्राच्या नैर्ऋत्येच्या भागात पडतो. ओडिशाच्या किनाऱ्यापासून पश्चिम-वायव्येला जाणाऱ्या नेहमीच्या वाटेला समांतर, पण तिच्या डावीकडे रेघ ओढली की ती विदर्भातून जाते. अवदाबाचे केंद्र रायपूर-जबलपूरकडे असते आणि जोराचा पाऊस वर्धा, नागपूर, चंद्रपूरला पडतो. वर्तमानपत्रात ‘कमी दाबाचा पट्टा मध्य प्रदेशावर’ असे वाचून निर्धास्त होणाऱ्याला हे माहीत असलेले बरे.

हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. १९३२ पासून एल. ए. रामदास यांच्या हाताखाली पुण्यात शेतीविषयक हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामान वार्तापत्र येऊ लागले. तोवर समुद्रावरचा इशारा बंदरांसाठी असे. आता तोच इशारा, निदान तत्त्वतः, विहिरीवरच्या माणसापर्यंत पोचण्याची सोय झाली. रेडिओ किती घरांत होते हा वेगळा प्रश्न.

त्याच काळात पवनारचे नाव देशाला ठाऊक झाले ते वेगळ्या कारणाने. १९३८ मध्ये विनोबा भावे जमनालाल बजाज यांच्या धामकाठच्या बंगल्यात राहायला आले. १७ ऑक्टोबर १९४० ला वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात त्यांनी पवनारहूनच केली. आश्रमाच्या जमिनीत खोदकाम करताना वाकाटककालीन मूर्ती आणि शिल्पपट निघाले, रामकथेचे प्रसंग असलेले. ‘सेतुबंधा’च्या कर्त्याशी मिराशींनी पवनारचा संबंध जोडला त्यात या शिल्पांचा आधार मोठा होता. १९५० च्या सुमारास विनोबांनी आश्रमात ऋषिशेतीचा प्रयोग केला. बैल नाहीत, बाजारचा पैसा नाही, माणसांनीच रहाट ओढून विहिरीचे पाणी काढायचे. हंगामाच्या लहरीवर उतारा म्हणून विहीर हा निर्णय भाबडा नव्हता. विदर्भातली बहुतेक शेती तेव्हा कोरडवाहू होती, आणि आजही बऱ्याच प्रमाणात आहे. १९५९ मध्ये इथे ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली.

१२ फेब्रुवारी १९४८ ला गांधीजींच्या अस्थींचा काही भाग धाममध्ये विसर्जित झाला, तिथे नदीच्या पात्रात छत्री उभी आहे आणि दर वर्षी त्या दिवशी मेळा भरतो. फेब्रुवारीत नदीची धार खडकांमधून वाकडीतिकडी वाहत असते, काळ्या बसाल्टचे तळ उघडे पडलेले असतात, माणसे पात्रातून चालत जातात. जुलै-ऑगस्टात त्याच जागी गढूळ पाणी काठाला लागते. धामचे पाणलोट क्षेत्र लहान आहे. काळी माती दोन-तीन दिवसांच्या झडीत पाणी पिऊन फुगते, तिच्या भेगा मिटतात, आणि त्यानंतर पडलेला पाऊस जवळपास सगळाच नाल्यांतून नदीकडे धावतो. म्हणून अवदाबाच्या दुसऱ्या दिवशीचा पाऊस पहिल्या दिवसापेक्षा धोक्याचा. पहिल्या दिवशीचे १०० मिलिमीटर शेतात मुरतात, दुसऱ्या दिवशीचे तितकेच मिलिमीटर काही तासांत रपटे बुडवतात. वरच्या बाजूला महाकाळी येथे धामवर धरण झाल्यापासून नदीची चाल काहीशी बदलली. पाणी अडते, वर्ध्याला पिण्यासाठी मिळते, पण धरण भरलेले असताना अवदाब आला तर विसर्ग करावाच लागतो आणि काठच्या गावांना इशारा द्यावा लागतो.

या भागातल्या लोकांच्या आठवणीत सर्वांत खोल रुतलेला पूर धामचा नाही, वर्धा नदीचा आहे. ३० जुलै १९९१ ला नरखेड तालुक्यातल्या मोवाड गावात पहाटे नदी शिरली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. त्याच आठवड्यात उपसागरातून एक खोल अवदाब आत आलेला होता. ज्या यंत्रणेला समुद्रावर असताना चक्रीवादळाचा दर्जाही मिळाला नव्हता, तिने किनाऱ्यापासून सहाशे-सातशे किलोमीटर आत एक गाव पुसून टाकले. समुद्रावर वादळ किती बळकट यावरून आतल्या भागातले नुकसान ठरत नाही. ते वादळ किती हळू चालते, त्याला वाटेत किती ओल मिळते आणि नदीचे खोरे आधीच किती भिजलेले आहे यावरून ठरते. बंदराच्या खुणा या तीनही गोष्टी सांगत नाहीत. त्या जहाजांसाठीच बनल्या होत्या.

समुद्रावरची नजर याच सुमारास झपाट्याने बदलत होती. १९८३ पासून इन्सॅट-१बी उपग्रहाची चित्रे मिळू लागली आणि उपसागरातल्या ढगांची वाटोळी रचना जहाजाच्या वहीची वाट न पाहता दिसू लागली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात खोल समुद्रात तरती मापनयंत्रे सोडण्याचा कार्यक्रम सुरू झाला. नांगरलेला बोया वारा, दाब, पाण्याचे तापमान, लाटांची उंची मोजतो आणि उपग्रहामार्फत पाठवतो. १९९९ च्या जुलै-ऑगस्टात ‘बॉबमेक्स’ या मोहिमेत ‘सागरकन्या’ जहाजावरून भर पावसाळ्यात उपसागराचे पाणी आणि हवा यांची सविस्तर मोजणी झाली. पाऊस पडून गेल्यावरही पाणी थंड राहत नाही, थोड्या दिवसांत पुन्हा तापते, आणि म्हणूनच एकामागून एक अवदाब तयार होऊ शकतात, हे त्यातून नेमके कळले. काही अवदाबांचे बीज तर त्याहूनही लांबचे असते. दक्षिण चीन समुद्रातले मावळते वादळ म्यानमार ओलांडून उपसागरावर येते आणि तिथे पुन्हा जीव धरते.

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘गुलाब’ नावाचे चक्रीवादळ २६ तारखेला कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागले. वाऱ्याचा जोर ओसरला, पण कमी दाबाचे केंद्र तेलंगण, मराठवाडा आणि विदर्भाचा दक्षिण भाग ओलांडत पश्चिमेला गेले. मराठवाड्यात आणि यवतमाळकडे काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले, पऱ्हाटीची बोंडे भिजून काळी पडली. तेच केंद्र गुजरातमार्गे अरबी समुद्रावर उतरले, तिथे पुन्हा तापलेले पाणी मिळाले आणि १ ऑक्टोबरला ते ‘शाहीन’ या नव्या नावाने चक्रीवादळ होऊन ओमानकडे गेले. पूर्वेच्या समुद्राने पश्चिमेच्या समुद्राला भेटावे आणि भेट विदर्भ-मराठवाड्याच्या डोक्यावरून व्हावी, अशी ही घटना. वाटेतले शेतकरी मात्र याकडे केवळ अवकाळी पाऊस म्हणून पाहतात, आणि पीक गेलेल्या माणसाने वादळाच्या प्रवासाची मौज पाहावी अशी अपेक्षाही नाही.

दुसरीकडे, पावसाळ्यात उपसागरावर तयार होणाऱ्या अवदाबांची संख्या विसाव्या शतकाच्या मध्यापासून घटत आली आहे. त्यांच्या जागी कमी ताकदीची, कमी दाबाची क्षेत्रे अधिक दिसतात. २००२ च्या पावसाळ्यात एकही अवदाब तयार झाला नाही, आणि त्या जुलैत देशाचा पाऊस सरासरीच्या निम्म्याच्याही खाली राहिला. कमी ताकदीचे क्षेत्र म्हणजे कमी पाऊस असे गणित मात्र नेहमी जुळत नाही. गरम हवेत ओल जास्त मावते, त्यामुळे नकाशावर क्षुल्लक दिसणारे क्षेत्रही एकाच दिवसात कोसळते. २०२२ च्या जुलैत वर्धा जिल्ह्यात वणा आणि वर्धेच्या काठची वस्ती पाण्यात गेली, हिंगणघाटला माणसांना सुरक्षित ठिकाणी हलवावे लागले.

आज पवनारच्या कास्तकाराच्या मोबाइलवर नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हानिहाय इशारा पिवळ्या, नारंगी किंवा लाल रंगात येतो आणि त्याच्याबरोबर फवारणी थांबवा, चर काढा, अशी शेतीची सूचनाही येते. तो इशारा तयार होतो तेव्हा बोयांचे आकडे, उपग्रहाची चित्रे, उपसागरातल्या जहाजांचे अहवाल आणि जमिनीवरच्या केंद्रांची सकाळी साडेआठची निरीक्षणे, सगळे एकत्र येतात. पिडिंग्टन यांच्या नकाशावरचे बाण आणि तहसिलीतल्या काचेच्या ग्लासाच्या खुणा, दोन्ही परंपरा त्यात मिसळल्या आहेत. पेरणीचा मुहूर्त ठरवताना पुष्कळ घरांत मृगाची तारीख अजून पाहिली जाते, आणि दुबार पेरणीची पाळी येऊ नये म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय बी टाकू नका, हा कृषी विभागाचा सल्लाही त्याच घरांत पोचलेला असतो.